नाकाची रुंदी आणि जातीची पायरी

सेल्फी टाकली की चेहऱ्याला गुण देणारी ॲप्स सध्या कॉलेजच्या मुलामुलींत फिरताहेत. कपाळ, नाक आणि त्याखालचा भाग तिन्ही सारखे हवेत, दोन डोळ्यांमधलं अंतर एका डोळ्याएवढं हवं, हे त्यांचे निकष. नियम युरोपातल्या जुन्या चित्रकार-शिल्पकारांचे. टोरांटोच्या लेस्ली फार्कस यांनी १९८५ मध्ये असे नियम उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुणांच्या चेहऱ्यांवर ताडून पाहिले, तर त्यातले बरेचसे तिथेच लागू पडेनात. मग आपल्या मुलींनी ते का सोसायचे?

आपल्याकडे या मोजमापाने याहून मोठं नुकसान केलं आहे. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणलं की मिळतो नासिकांक. ७० च्या खाली अरुंद नाक, ८५ च्या वर रुंद, मधलं मध्यम. बंगालमधल्या जातीजमातींची अशी मापं घेऊन हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ च्या सुमारास सिद्धान्त मांडला: नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. पुढे तोच १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि जाती सामाजिक उतरंडीने लावायचा घाट तिथे घातला गेला.

माप घेतात कसं ते पाहा. उंचीसाठी कॅलिपरचं एक टोक भुवयांमधल्या खोबणीत, नाकाच्या मुळाशी. दुसरं, नाकाचा पडदा ओठाला मिळतो तिथे. रुंदीसाठी नाकपुड्यांना नुसता स्पर्श. समजा रुंदी ३६ मिलिमीटर, उंची ५०. अंक ७२, नाक मध्यम. नाकपुडी मिलिमीटरभर दाबली गेली, वरचं टोक मिलिमीटरभर सरकलं, की अंक ६९ च्याही खाली आणि तोच माणूस अरुंद नाकवाला. शेकडो मापांच्या सरासरीत अशा काही चुका मिटतात हे खरं; मोजणाऱ्या हाताची सवय मात्र मिटत नाही.

समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लेचीच मापं पुन्हा तपासली. उत्तर हिंदुस्थानाबाहेर नाक आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरच्या हाताखाली शिकायला गेल्या. युरोपीय कवटीतला डावा-उजवा असमतोल श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, ही गुरूची धारणा. बाईंची मापं त्या धारणेला दुजोरा देईनात, आणि त्यांनी ते तसंच प्रबंधात मांडलं. परदेशात, गुरूच्या विरोधात, एका विद्यार्थिनीने! मला या धाडसाचं फार मोल वाटतं.

इरावतीबाईंनी मोजणं सोडलं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या मापांचा ग्रंथ त्यांनी १९५१ मध्ये काढला. कॅलिपर तोच, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा: एका नावाच्या जातीतले पोटगट खरोखर एकमेकांच्या रक्ताचे आहेत का?

त्याच कॅलिपरला आज विचारण्याजोगा प्रश्न मास्कचा आहे. अमेरिकेत मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का, हे तपासायचा नमुना कित्येक वर्षं हवाई दलातल्या लोकांच्या १९६०च्या दशकातल्या मापांवर बेतलेला होता. २००३ मध्ये सुमारे ४,००० कामगारांचे चेहरे मोजले, तेव्हा अनेक चेहरे त्या चौकटीबाहेर निघाले. मास्क आणि गालामध्ये फट राहिली की क्षयाच्या वॉर्डातल्या परिचारिकेला त्याचा उपयोग काय? आपल्या सरकारी रुग्णालयांनी मास्कची निविदा काढण्याआधी आपल्या परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांचे चेहरे मोजून घ्यावेत. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालफडांची रुंदी, सुरुवातीला ही दोन मापं पुरेत.