पुण्यवान प्रियस, पापी बीएमडब्ल्यू

अमेरिकेत जुनी मोटार घ्यायला निघालेल्या माणसापुढे नीतिकथेतली दोन पात्रे उभी केली जातात : २०१३ सालची टोयोटा प्रियस म्हणजे संयम, आणि त्याच सालची बीएमडब्ल्यू ३२८आय म्हणजे चैन. ही मांडणीच आम्हांला लबाड वाटते. सरकारी मापनानुसार प्रियस शहरात गॅलनला ५१ मैल जाते, महामार्गावर ४८. ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यू अनुक्रमे २३ आणि ३३. म्हणजे प्रियसचे खरे श्रेष्ठत्व गर्दीत आहे. सिग्नलला तिचे इंजिन बंद होते, ब्रेक लावताना गतीची वीज होऊन बॅटरीत परतते. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग परतायचे काय? तिथे अंतर बरेच कमी होते, पुण्य मात्र पूर्वीइतकेच मिरवले जाते!

ज्याला वळणावर रस्ता हातांना जाणवायला हवा, त्याने बीएमडब्ल्यू घ्यावी. सबबी शोधू नयेत. परंतु दोन-तीन महाविद्यालयांत तासिका घेत शहरभर फिरणाऱ्या तिथल्या अर्धवेळ प्राध्यापकाला आम्ही प्रियसच सुचवू. वर्षाला १२,००० मैल धरले तर तिला सुमारे २४० गॅलन पेट्रोल पुरते. बीएमडब्ल्यूला ४६० लागते, तेही महागडे प्रीमियम. तुटपुंज्या मानधनात हा फरक थोडा नव्हे. मात्र जुनी बॅटरी बदलावी लागली तर वर्षाची बचत त्यातच जाते. तेव्हा व्यवहाराआधी ती तपासून घ्यावी, आणि विक्रेता तपासणीला नकार देत असेल तर दुसरी प्रियस पाहावी.