हात लपवू नका

येत्या ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन आहे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांचा हा जन्मदिवस. १८१७ मध्ये त्यांनी ‘शेकिंग पाल्सी’ या विकारावर एक छोटेखानी निबंध लिहिला आणि त्यात सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यातले निम्मे रुग्ण त्यांच्याकडे उपचारांसाठी आलेलेच नव्हते. ते त्यांना रस्त्याने जाता-येता दिसले होते. पुढे शार्को या फ्रेंच मेंदुविकारतज्ज्ञांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले.

या गोष्टीला दोनशे वर्षे उलटून गेली. आज आपल्या गावातल्या, पेठेतल्या रस्त्यावर असे किती जण दिसतात? फारच थोडे. रुग्ण कमी झाले, असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात पार्किन्सन्सचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते आणि त्याआधीच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण दुप्पट झाले होते. माणसांचे आयुष्य वाढले, तसा उतारवयातला हा आजारही वाढला. तरीही रुग्ण दिसत नाहीत, कारण ते घरात बसून आहेत.

लग्नाच्या पंगतीत वाटी हिंदकळेल म्हणून आमंत्रण टाळले जाते. बँकेत सही जुळत नाही म्हणून मुलाला पाठवले जाते. चालताना तोल जातो तेव्हा ‘सकाळी सकाळीच घेतलेली दिसते’ असे कुणीतरी पुटपुटते आणि फिरायला जाणे बंद होते. घरात लग्नाची मुलगी असेल तर आजाराचे नावच काढायचे नाही, असे ठरते. वास्तविक बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार आनुवंशिक नसतो आणि तो संसर्गाने तर मुळीच होत नाही. पण लपवण्याची सवय एकदा लागली की हात खिशात जातो, मग माणूस खोलीत जातो. आजाराने हिरावले नसते इतके हे लपवणे हिरावून घेते.

मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. उठणे, वळणे, शर्टाचे बटण लावणे अशा हालचाली आपण विचार न करता करतो, त्या सुरळीत होण्यासाठी हे रसायन लागते. या पेशी हळूहळू मरू लागतात. हाताचा कंप किंवा मंदावलेली चाल लक्षात येते तोवर त्यातल्या निम्म्याहून अधिक संपलेल्या असतात. त्या का मरतात, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून सापडलेले नाही.

आपण या आजाराला कंपवात म्हणतो. नाव जुने आणि ओळखीचे आहे. पण त्यामुळे एक गैरसमजही होतो. कंप नसलेले रुग्णही बरेच असतात. त्यांच्या बाबतीत हालचाली संथ होतात, स्नायू ताठरतात, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जाते, आवाज खोल जातो. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि घरच्यांना वाटते, बाबा हल्ली सारखे रागावलेलेच असतात. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे ही लक्षणे तर काही वेळा कितीतरी वर्षे आधीपासून असतात. यातले एखादे लक्षण असले म्हणजे पार्किन्सन्सच झाला, असे नाही. पण हालचाली मंदावत असतील तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता मेंदुविकारतज्ज्ञांना एकदा दाखवावे. उलटी किंवा चक्कर यांवरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. मात्र लेव्होडोपा या औषधाने गेल्या अर्धशतकात लाखो रुग्णांना पुन्हा चालते-बोलते केले. त्याचे गणित घड्याळाशी बांधलेले असते. गोळीचा अंमल असतो तोवर माणूस मोकळेपणाने वावरतो. अंमल ओसरला की तोच माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. सकाळी दहाला बागेत फिरणारे आजोबा बाराला पाण्याचा पेला मागतात, तेव्हा ते ढोंग नसते. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकतात. म्हणून बहुतेकांना ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. वेळ चुकवू नये आणि गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद तर कधीच करू नये. खाजकुहिलीच्या बियांमध्ये, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा असते हे खरे. पण म्हणूनच तिचे चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेणे म्हणजे नकळत मात्रा वाढवणे होय. निवडक रुग्णांना मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो. नियमित व्यायाम मात्र सगळ्यांसाठी आहे, आणि तो आजाराच्या पहिल्या दिवसापासून.

इथवरचे काम डॉक्टर करतात. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. दारातून आत येताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्याचे काय करायचे? पलंगावर कूस कशी बदलायची? मित्रांना कसे सांगायचे? ही उत्तरे त्या वाटेने गेलेल्या माणसांकडे असतात. पाय अडकला की थांबा, श्वास घ्या, मनात ‘एक-दोन’ म्हणा आणि समोरच्या फरशीची रेघ ओलांडल्यासारखे पाऊल उचला, ही युक्ती फिजिओथेरपिस्ट शिकवतात. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेला कुणी ‘माझंही असंच होतं, हे बघा’ म्हणत ती करून दाखवतो, तेव्हा ती मनात रुजते.

महाराष्ट्रात अशा शेजारच्या खुर्चीची परंपरा आहे. पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांनीच उभे केले आणि चालवले. तज्ज्ञांची व्याख्याने, सहली, मेळावे असे त्याचे स्वरूप आहे. तिथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही, पण एकमेकांकडे बघण्याची नजर बदलते. मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने वेगळी पद्धत घेतली. तिच्या आधारगटांत व्यायाम, वाचा आणि मनाचे आरोग्य यांचे प्रशिक्षित कार्यकर्ते काम करतात आणि हे गट देशातल्या अनेक शहरांत पोहोचले आहेत.

नाचाचे उदाहरण तर बोलके आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन इथे २००१ मध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने स्थानिक रुग्णगटाबरोबर पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. पुण्यात समकालीन नृत्याचे गुरू हृषीकेश पवार यांनीही असे वर्ग घेतले. ज्यांना सरळ चालणे जड जाते, ते तालावर पावले टाकतात. आपोआप होणाऱ्या हालचालींची मेंदूतली वाट बिघडलेली असली, तरी बाहेरून मिळालेला ठेका दुसऱ्या वाटेने पाय हलवू शकतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. भजनी मंडळातला टाळ किंवा लेझीम अंगात भिनलेल्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या तासाभरात कुणीही हात लपवत नाही. सगळ्यांचेच हात हलत असतात.

या आजारात नैराश्य आणि चिंता वारंवार आढळतात. तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. मेंदूतल्या रासायनिक बदलांचा त्यात वाटा असतो आणि त्यावर उपचार आहेत. एकटेपणा त्यात भर घालतो. हाच एकटेपणा शुभंकरालाही घेरतो. रात्री तीन-चार वेळा उठून कूस बदलून देणारी पत्नी अनेकदा स्वतःही सत्तरीची असते. तिच्या गुडघ्यांची, झोपेची चौकशी कुणी करत नाही. मित्रमंडळात तिला ‘कंटाळा आला’ असे अपराधी न वाटता म्हणता येते, हीसुद्धा मोठी मदत आहे.

कायद्याने एक दार उघडले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. नुसते निदान पुरेसे नसते. पण तपासणीत दिव्यांगत्व किमान ४० टक्के ठरल्यास अनेक सवलतींचा हक्क मिळतो. हे ठाऊक असलेली कुटुंबे मोजकी आहेत, आणि ज्याला चालता येत नाही त्यालाच प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालायला लावणारी व्यवस्था ती संख्या वाढू देत नाही. जिल्हा रुग्णालयांनी ठरावीक दिवशी तालुक्याच्या ठिकाणी अशी तपासणी ठेवली, तर बरेच साधेल.

खरी अडचण अंतराची आहे. मेंदुविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत आणि आधारगटही बहुतांशी तिथेच आहेत. करोनाकाळात दृकश्राव्य भेटींची सवय लागली, त्यामुळे लहान गावातला रुग्णही आता अशा गटात बसू शकतो. तरीही प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही, आणि तिला फार काही लागत नाही. तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, वाचनालयांची सभागृहे आहेत. जिना चढावा न लागणारी एक खोली, हाताच्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह, महिन्यातली एक सकाळ आणि गोळीच्या अंमलाची वेळ सांभाळून ठरवलेला तास एवढे जमले की सुरुवात होते. गावातला फिजिओथेरपिस्ट महिन्याला एक तास देऊ शकतो. एकच पथ्य कडकपणे पाळावे लागेल. चमत्कारी चूर्णे आणि यंत्रे विकणाऱ्यांना त्या खोलीत शिरकाव नको, आणि कुणाची गोळी कुणी बदलू नये.

बाकीच्यांसाठीही काम आहे. पैसे काढायला वेळ लावणाऱ्या माणसामागे रांगेत उभे असताना दोन मिनिटे थांबावे. त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. घरी आला तर चहाचा कप न विचारता अर्धा भरून द्यावा आणि हात थरथरला तर गप्पा थांबवू नयेत. पुढच्या लग्नाला त्याला आग्रहाने बोलवावे आणि तो आला की आपल्या शेजारी बसवावे.