गरोदर सुनेच्या पायांची सूज

रोप लावणीच्या दिवसांत खानापूर भागातील शेतांत चिखलात वाकलेल्या बायांच्या ओळी दिसतात. त्यांत कधी सातव्या-आठव्या महिन्यातील सूनही असते. सायंकाळी तिचे पाय सुजतात, वहाण चढत नाही, पोटऱ्या ठणकतात. घरात उत्तर ठरलेले : ‘‘पोटुशीला सूज यायचीच. आम्ही नाही का दिवस काढले?’’ हे उत्तर आम्हाला पटत नाही.

त्यात निम्मे खरे आहे. गरोदरपणी अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते. वाढलेले गर्भाशय पायांकडून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाबते. रक्त सावकाश वर चढते आणि पाणी घोट्यांशी साचते. फार वेळ उभे राहिले की सूज वाढते, रात्रीच्या झोपेने उतरते. ही सूज म्हणजे रोग नव्हे. पण तिचा उपाय विसावा आहे, आणि तो घरच्यांनीच द्यावयाचा असतो. पुरुषाने चिखल करायचा व बाईने रोप लावायचे, ही वाटणी काही देवाने घालून दिलेली नाही. नवऱ्याने चार दिवस तिच्या जागी ओळीत उभे राहावे. त्यात कमीपणा कसला?

दुपारी तिला तासभर डाव्या कुशीवर निजू द्यावे, पायांखाली घडी केलेले घोंगडे ठेवावे. ती मोठी शीर उजव्या अंगाला असल्याने डाव्या कुशीवर तिच्यावरचा दाब कमी होतो. बसल्या बसल्या पावले वर-खाली करावीत, घोटे गोल फिरवावेत. पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. रात्री गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे आपल्याकडे ओढावीत. थोडे चालणे चांगलेच. मिस्सावेळी अशी बाई बसून राहिली तर कुणी वळून पाहू नये.

मीठ-पाणी तोडण्याची रीत मात्र सोडावी. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरत नाही. खारे मासे, लोणचे, पापड बेताने खावेत, एवढे पुरे. दुखणे थांबवण्याच्या किंवा सूज उतरवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत.

आता धोक्याची सूज. एकच पाय सुजला, पोटरी गरम, लाल व दुखरी झाली तर तेथे रक्ताची गाठ असू शकते. अशा पायाला तेल लावून चोळू नये. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. तोंडावर व हातांवर एकाएकी सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली कळ, ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. पुढे झटके येऊन आई व बाळ दोघेही दगावू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

हा रक्तदाब पुष्कळदा काहीही न दुखता वाढतो, म्हणून तपासणी चुकवू नये. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आहे काय आणि लघवीतून प्रथिने जातात काय, हे दोन्ही विचारून घ्यावे. लावणी जोरात असली तरी त्या दिवशी घरातील एकाने तिच्याबरोबर जावे. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हीच लक्षणे दिसू शकतात, तेव्हा माहेरी पाठवताना ती तिच्या आईलाही सांगून ठेवावीत.