काचघर नको, कोपरा वाचवा!

मागच्या एप्रिलमध्ये मी चोवीस तासांत एकदा जिंकलो आणि एकदा सपाटून हरलो. त्याची ही गोष्ट, आणि त्यावरून तयार झालेलं माझं एक ठाम मत.

इथे जर्मनीत गावाबाहेर छोटे बागेचे तुकडे भाड्याने मिळतात. लाइपझिगच्या श्रेबर नावाच्या डॉक्टरवरून त्यांना 'श्रेबरगार्टन' म्हणतात. माझ्या तुकड्यावर दोन बाय तीन मीटरचं काचघर आहे. त्यात फेब्रुवारीपासून वाढवलेली मिरची-टोमॅटोची चाळीस रोपं होती. निम्मी तर शेजारच्या बागवाल्यांना कबूल करून बसलो होतो.

एका रात्री उणे 2 चा अंदाज आला. मी तयारीतच होतो. सगळ्या काचांना आतून बबल रॅप, फटी बंद, मध्ये रॉकेलचा हीटर. सकाळी सहाला जाऊन बघितलं तर आतलं किमान तापमान 4 अंश, रोपं ठणठणीत! हीटर विझवला, दार घट्ट लावलं आणि शीळ घालत ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आलो तेव्हा रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी माना टाकून पडली होती. थर्मामीटरवर दिवसाचं कमाल तापमान होतं 47.

थंडीने नाही, मी मारली ती.

नंतर डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की यात योगायोग काहीच नव्हता. वसंतातली ही थंडी बहुतेक वेळा निरभ्र आकाशामुळेच पडते. ढग नसले, वारा नसला की जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात ना? तेव्हा हवेचं तापमान शून्याच्या वरच असतं, गोठतं ते गवतावर. अंदाजातलं तापमान दोन मीटर उंचीवरचं असतं, रोपं मात्र जमिनीलगत. म्हणून 'आज 3 अंश आहे, काळजी नाही' हे खरं नाही. आणि तेच निरभ्र आकाश सकाळी दहानंतर काचघराची भट्टी करतं. रात्री ज्या बबल रॅपने वाचवलं, त्यानेच दिवसा मारलं.

आता माझं मत. हिवाळ्यात इन्सुलेशन लावून विसरलं तर चालेल एक वेळ. वसंतात ती रोज दोनदा करायची कामगिरी आहे. आणि दुसरं म्हणजे, अख्खं काचघर गरम ठेवायचा हट्ट मुळात चुकीचा आहे.

इंजिनिअर आहे, त्यामुळे आकडेमोड आलीच :) माझ्या काचघराचं काचेचं क्षेत्रफळ धरा 25 चौरस मीटर. एकेरी काचेतून प्रत्येक चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला, साधारण 6 वॉट उष्णता जाते. आत-बाहेर फक्त 5 अंशांचा फरक ठेवायचा तर 750 वॉट, आठ तासांचे 6 युनिट झाले. लोक पाण्याचं पिंप ठेवा म्हणतात. सल्ला चांगला आहे, पण 200 लिटर पाणी 15 वरून 5 अंशांवर येताना जेमतेम 2.3 युनिट देतं. निम्मंही भागत नाही. बबल रॅपने गळती कमी होते, थांबत नाही. इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही हो, फक्त जायला उशीर लावतं!

रॉकेलच्या हीटरचा आणखी एक घोळ आहे. एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. बंद काचघरात ते पानांवर बसतं आणि करड्या बुरशीला आमंत्रण मिळतं.

मग करायचं काय? क्षेत्रफळ कमी करायचं. सगळी रोपं एका टेबलावर आणा, टेबलाखाली पाण्याचे कॅन ठेवा आणि वरून जमिनीपर्यंत पांढरं पातळ कापड सोडा. हे कापड आपल्याकडे कलिंगडाच्या शेतात 'क्रॉप कव्हर' म्हणून दिसतं, तेच. 17 ग्रॅमचा एक थर दोनेक अंश वाचवतो, थंडी जास्त असेल तर दोन थर घाला. सकाळी कापड काढायचं, खिडकी उघडायची. ऊन उतरायच्या आत खिडकी बंद करायची, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. सकाळी थांबता येत नसेल तर खिडकीला मेणाच्या नळकांड्याचा दांडा बसवा. ऊन लागलं की मेण फुगतं आणि खिडकी उचलली जाते. वीज नाही, सेन्सर नाही, ॲप नाही. मला स्वतःला सेन्सर लावायची भारी हौस, पण इथे मेण जिंकलं.

आणि हे कधीपर्यंत? आमच्या शेजारच्या बागेतल्या आजोबांचं उत्तर ठरलेलं आहे, 'हिमसंत' जाईपर्यंत. म्हणजे 11 ते 15 मे, ममेर्टसपासून 'थंड सोफी'पर्यंतचे पाच संतदिन. 1582 च्या कॅलेंडर सुधारणेने तारखा दहा दिवसांनी सरकल्या, त्यामुळे नेमक्या त्याच दिवशी थंडी पडेल असं काही नाही. पण मेच्या मध्यापर्यंत गाफील राहू नका, एवढा अर्थ घेतला तर आजोबा बरोबरच आहेत. एप्रिल 2017 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2024 मध्ये जर्मनीतल्या फळबागांना अशाच उशिराच्या थंडीने झोडपलं. वसंत लवकर आला की कळ्या लवकर फुटतात, आणि मग एकच रात्र पुरते.

आपण सर्व्हरचा सरासरी लोड बघून खूश होत नाही, पीकला काय होतं ते बघतो. रोपांचंही तसंच आहे. एप्रिलचं सरासरी तापमान छान असतं. रोपं मरतात ती किमानाने नाहीतर कमालाने. म्हणून हीटरच्या आधी शे-दोनशे ग्रॅमचा किमान-कमाल थर्मामीटर घ्या आणि दोन्ही आकडे रोज वाचा. मी त्या दिवशी सकाळी फक्त एकच वाचला होता.

असो. यंदा चाळीसपैकी सदतीस रोपं जगली. कबूल केलेली सगळी पोचवली. आजोबांना दोन जास्त दिली, मागच्या वर्षीचं व्याज म्हणून.