पंचेचाळीस अंशांची पोथी

‘गोलंदाज’ हा शब्द आपल्या भाषेत दोनदा जन्माला आला आहे. पहिल्या जन्मी तो तोफखान्यावर होता. तोफेच्या कानात बत्ती द्यायची आणि गोळा कुठे पडतो ते पाहायचे, एवढेच त्याचे आयुष्य. दुसऱ्या जन्मी तो पांढरा पोशाख चढवून क्रिकेटच्या मैदानावर उतरला. शब्दाने चाकरी बदलली, पण आमच्या शाळांना त्याचा पत्ता नाही. तोफेजवळच्या गोलंदाजासाठी चारपाचशे वर्षांपूर्वी जो नियम बांधला गेला, तोच त्या आज हाडामांसाच्या पोरांच्या मानेवर ठेवीत आहेत. वस्तू सर्वांत लांब जायची तर ती पंचेचाळीस अंशांनी फेकावी, हा तो नियम. तो अकरावीच्या पुस्तकात आहे, गाईडात आहे, प्रवेशपरीक्षांच्या प्रश्नपेढ्यांत आहे. आणि तिथून गळत गळत तो मैदानावर शिट्टी वाजवणाऱ्यांच्या तोंडी येऊन बसला आहे.

नियम खोटा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पदवीधर मंडळी पहिल्याच परिच्छेदानंतर माझे मॅट्रिकचे सर्टिफिकेट मागायला यायची! मी कादंबऱ्या लिहितो, शाळेत मराठी शिकवतो आणि कुणी रजेवर गेले की गणिताचा तास घेतो. माझे भांडण नियमाशी नाही. नियमाच्या अटी गिळून टाकून नुसता आकडा मुलांच्या हाती देणाऱ्यांशी आहे.

या आकड्याची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. इटलीत तार्ताग्लिया नावाचा एक गणिती होऊन गेला. हे त्याचे खरे नाव नव्हे. तार्ताग्लिया म्हणजे बोबडा. लहानपणी फ्रेंच सैनिकांनी गाव लुटले त्यात याच्या जबड्यावर तलवारीचा वार बसला, तेव्हापासून बोलणे अडखळू लागले. घरी दारिद्र्य, विद्या बव्हंशी स्वतःच्या स्वतः मिळवलेली. (अशा माणसाविषयी मला आपुलकी वाटावी हे ओघानेच आले.) १५३७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने सांगितले की तोफ पंचेचाळीस अंशांवर रोखली की गोळा सर्वांत दूर जातो. त्याची पक्की सिद्धता दिली ती गॅलिलिओने, १६३८ साली. फेकलेल्या वस्तूला एकाच वेळी दोन उद्योग असतात, असे तो म्हणाला. आडवी ती एकसारख्या वेगाने जात राहते, आणि उभी मात्र हातून सुटलेल्या धोंड्यासारखी पृथ्वीकडे ओढली जाते. ही दोन कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही मिळून जी कमान तयार होते तिला आपल्या गणितात अन्वस्त म्हणतात. परंतु त्याच पुस्तकात गॅलिलिओने हेही कबूल केले आहे की हवेचा अडथळा ही कमान बिघडवतो. गुरूने कबूल केलेली अट शिष्यांनी पुसून टाकली, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

या नियमाची प्रचीती घ्यायची असेल तर दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती बागेतली पाण्याची नळी द्या. नळीचे तोंड जमिनीलगत धरा, नळ जितका सोडला आहे तितकाच ठेवा आणि नुसता कोन बदला. नळी फार उभी केली तर पाणी आपल्याच डोक्यावर येते, फार आडवी केली तर जवळच सांडते. मध्ये कुठेतरी, पंचेचाळिसाच्या आसपास, धार सर्वांत लांब जाते. तीस अंशांना आणि साठ अंशांना ती जवळजवळ एकाच जागी पडते, ही गंमतही दिसेल.

आता हे पाहा, की नळीने आपल्यासाठी काय काय सांभाळले. पाणी जमिनीलगत सुटले आणि जमिनीवरच पडले. अंतर थोडे, म्हणून हवेने फारशी खोडी काढली नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नळी आडवी असो की उभी, पाणी त्याच जोराने बाहेर आले. तोफेचेही असेच आहे. तिच्या पोटात दारू तेवढीच; ती तोंड वर करून उडवली म्हणून तिचा खांदा दुखत नाही.

माणसाला खांदा आहे, आणि इथेच घोडे पेंड खाते!

बंद पडलेली जीप दोन माणसे ढकलत नेतात. तीच दोन माणसे धान्याचे पोते डोक्यावर उचलताना घामाघूम होतात. पुढे ढकलण्यात छाती आणि खांदा जितका जोर लावू शकतात, तितका वर ढकलण्यात लावू शकत नाहीत. शिवाय वर जाणाऱ्या गोळ्याला पृथ्वी हातात असल्यापासूनच मागे ओढत असते. म्हणून गोळाफेक करणाऱ्याने कोन जसजसा चढवावा तसतसा हातून सुटणारा वेग उतरत जातो. पल्ल्याच्या हिशेबात वेगाची किंमत मात्र कोनाच्या कितीतरी पट असते. जगातल्या उत्तम गोळाफेकपटूंची फेक मोजली गेली आहे. त्यांचा गोळा बहुधा पस्तीस-सदतीस अंशांच्या आसपास सुटतो. ते सारे पुस्तक वाचायचे विसरले होते काय?

वाचकहो, थोडा हिशेब करू. फराळाची बशी हातात असली तरी चालेल. नववीतली एक मुलगी आहे असे समजा. गोळा तिच्या हातून जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर सुटतो आणि सेकंदाला ८ मीटर वेगाने सुटतो. वेग तेवढाच ठेवून तिने पंचेचाळीस अंशांनी फेकले तर गोळा ७.८६ मीटरवर पडेल, आणि एकोणचाळीस अंशांनी फेकले तर ७.९७ मीटरवर. म्हणजे केवळ हात जमिनीपासून उंच आहे एवढ्यानेच पंचेचाळिसाचे राज्य गेले. फरक अकरा सेंटिमीटरांचा, सोडून देऊ. पण पंचेचाळीस अंश साधण्याच्या नादात तिचा वेग आठावरून साडेसातावर आला तर? मग गोळा ७.०४ मीटरवर पडतो. उलट सदतीस अंशांनी, आपल्या पुऱ्या आठाच्या वेगाने फेकणारी तीच मुलगी ७.९५ मीटर गाठते. एक्याण्णव सेंटिमीटर! तालुक्याच्या स्पर्धेत एवढ्या अंतरात पहिली, दुसरी आणि तिसरी अशा तिघी मावतात.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. अशी एक मुलगी माझ्या वर्गात होती. शेतावर वाढलेली, तीन किलोचा गोळा लिंबासारखा उचलायची. एका शिबिरात बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी कंपासपेटीतला गुण्या तिच्या दंडाशी धरला आणि “पंचेचाळीस, पंचेचाळीस” असा घोष चालवला. आठ दिवसांत तिची फेक हातभर आखडली. टेप कुणी काढली नाही. मुलीचे लक्ष नाही, असा निवाडा झाला. ती मला म्हणाली, “सर, माझ्याच हातात खोट असेल.” तिच्या वडिलांना बरेच वाटले; पोर आता अभ्यासाला लागेल, म्हणाले. पोरीने गोळा ठेवून दिला तो पुन्हा उचलला नाही.

पुस्तकातल्या एका अर्ध्या वाक्याने एका मुलीला आपला हात खोटा ठरवायला लावावे, याची मला चीड आहे. आणि ती चीड दिवाळी अंकात मांडू नये असे कुणाला वाटत असेल, तर त्याने पुढचे पान उलटून पाककृती वाचाव्यात.

लांब उडीत तर या नियमाचा निव्वळ फार्स होतो. सेकंदाला नऊ मीटर वेगाने धावत आलेल्या माणसाने फळीवर पाय मारून पंचेचाळीस अंशांनी वर उठावे, असे म्हणणे म्हणजे काय ते पाहा. आडवा वेग नऊ, तर उभा वेगही नऊ हवा. त्या वेगाने उठलेल्या माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य चार मीटरांहून अधिक वर जाईल. एकमजली घर ओलांडून पलीकडे उतरणे हे मारुतरायाचे काम! उंच उडीचा विश्वविक्रम २.४५ मीटरांचा आहे, तो क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरने १९९३ साली केला. आणि त्यातही गुरुत्वमध्य चढतो तो सव्वा मीटरच्या आसपास, कारण उभ्या माणसाचा मध्य आधीच मीटरभर उंचीवर असतो. लांब उडी मारणाऱ्याचा पाय फळीवर सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा टेकतो. तेवढ्यात जे काही वर जाता येईल ते जायचे, आणि धावण्याचा वेग शक्य तेवढा राखायचा. म्हणून चांगल्या उड्या वीस अंशांच्या आसपास निघतात. १९६८ साली मेक्सिकोत बॉब बीमनने ८.९० मीटर उडी मारून जगाला थक्क केले, ते पंचेचाळीस अंशांच्या जवळपासही न जाता.

याच उडीविषयी दुसरी एक अंधश्रद्धा आहे. उडी मारणारे हवेत पाय मारतात. ते पाहून आमची पोरे समजतात, हवेत चालले की लांब जाता येते. समजेनात, त्यांना तसे शिकवलेच जाते! पायाने फळी सोडली की गुरुत्वमध्याची वाट कायमची ठरली. मग हातपाय झाडा की देवाचा धावा करा. पाय मारायचे ते पुढे कोलमडणारे अंग सावरण्यासाठी, म्हणजे उतरताना टाचा पुढे टाकता येतात.

पण ठरलेल्या वाटेवरही अंगाची मांडणी बदलता येते, आणि तिच्यात केवढे सामर्थ्य आहे ते त्याच मेक्सिकोत डिक फॉसबरीने दाखवले. तो आडव्या दांड्यावरून पाठ खाली करून, कमानीसारखा वाकून गेला आणि २.२४ मीटरवर सुवर्णपदक घेऊन आला. डोके, पाठ, पाय अशी एकेक वस्तू दांड्यापलीकडे नेता नेता गुरुत्वमध्य दांड्याखालूनही जाऊ शकतो. ही तऱ्हा त्याने शाळकरी वयात काढली, कारण रूढ पद्धत त्याला जमेना. त्याच्याही दंडाशी कुणी गुण्या धरून बसला असता तर?

राहता राहिली हवा. भाल्याला ती कधी उचलून धरते, कधी दाबते. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला. मैदान अपुरे पडण्याची वेळ आली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला गेला, आणि भाला लवकर नाक खाली करू लागला. नीरज चोप्राने २०२१ साली टोकियोत ८७.५८ मीटरवर सुवर्ण जिंकले आणि २०२५ साली दोहात ९०.२३ मीटर गाठले, ते या नव्या भाल्याने. आणि आमच्या पुण्याच्या छावणीत ज्या खेळाचे नियम इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले, त्या बॅडमिंटनचे फूल पाहा. सोळा पिसांचे, पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचे. ते उंच मारले तर पुढे जाता जाता दमते आणि शेवटी जवळजवळ सरळ खाली उतरते. अन्वस्त त्याने बहुधा ऐकलेलाही नसतो!

मग ही विद्या मुलांना मिळते कधी? नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणे येतात, पण ती गाडीची आणि चेंडूच्या सरळ वर जाण्याची. तिरपी फेक येते अकरावीत. तीही ज्याने विज्ञानशाखा घेतली त्यालाच, आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. ज्या पोरांनी गोळे, भाले, उड्या यांत शाळेची पाच वर्षे घालवली, त्यांतल्या बहुतेकांचा खेळ तोवर सुटलेला असतो. इकडे मैदानाचा तास सहामाही जवळ आली की गणिताच्या पोटात जातो. एका भिंतीच्या अलीकडे धोंडा न फेकता धोंड्याचे गणित सोडवतात, पलीकडे गणित न कळता धोंडा फेकतात. पोथीतली वांगी पोथीत!

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. एक म्हणजे, नववीच्या पोरांना हे कळणार नाही. सरळ वर जाण्याचे समीकरण कळते आणि सरळ पुढे जाण्याचे कळते. दोन्ही एकाच वेळी चालतात, एवढेच नवे सांगायचे आहे. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: खेळाडू कोनांचा विचार करू लागला की त्याचा हात बिघडतो. खरे आहे. कैरीवर नेम धरणाऱ्या पोराला अंश विचारले तर कैरी झाडावरच राहील. पण म्हणून तर म्हणतो की कोन फेकणाऱ्याच्या डोक्यात घालू नका, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असू द्या. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी, एका हाताला कायमचे अपंगत्व असताना २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन आला. त्याच्या अंगाचा हिशेब दुसऱ्या कुणाच्या अंगावरून काढता येईल काय? मग आमच्या मुलींचाच तेवढा तोफेवरून का काढता?

सामग्री फारशी लागत नाही. प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आज मोबाईल आहे आणि बहुतेकांत संथ गतीने चित्र घेण्याची सोय आहे. भिंतीवर खडूने चौकटी आखा, मुलीला भिंतीला समांतर फेकू द्या, बाजूने चित्र घ्या. गोळा कोणत्या उंचीवर सुटला, किती तिरपा सुटला, दोन चित्रांच्या मधल्या वेळात किती चौकटी चालून गेला, सारे मुलांना मोजता येते. त्यातून तिचा वेग निघतो. मग ती चढत्या उतरत्या कोनांनी फेकेल आणि आपला कोन आपण शोधून काढील.

ज्या प्रशिक्षकांना आणि परीक्षकांना हे मान्य नसेल त्यांनी येत्या वार्षिक क्रीडामहोत्सवात पंचेचाळीस अंशांच्या दहा फेकी आणि मुलीच्या मनाप्रमाणे दहा फेकी घेऊन, दोन्हींची सरासरी फळ्यावर सर्वांसमोर लिहावी. टेप नसेल तर आमच्या शाळेत आहे, पन्नास मीटरची. मागितली तर देऊ.