चाळणी कुणाच्या हाती?

मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव. आमच्या भागात कुठंही शाळेत पालकांची सभा भरली की हल्ली एक विषय हमखास निघतो. मुलांच्या हातात मोबाइल आला, त्यात ती काय बघतात ते आपल्याला कळत नाही, तेव्हा सरकारनंच इंटरनेटला एकदा चाळणी लावावी आणि घाण वरच्या वर अडवावी! बोलणारी माणसं पोटतिडकीनं बोलतात. दिवसभर शेतात नाहीतर दुकानात राबणाऱ्या आईबापांनी पोरामागं किती फिरायचं? त्यांची काळजी खोटी नाही. तरीही या मागणीला माझा विरोध आहे आणि तो जुन्नर-आंबेगावच्या माणसाला समजावून सांगणं फारसं अवघड नाही, असं मला वाटतं.

चाळणी आपल्याला नवी नाही. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत, बाळासाहेब खेरांचं सरकार असताना, मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली होती. कारण तेच, अश्लीलता. कलावंतांनी गाऱ्हाणं मांडलं, समिती बसली, बंदी उठली. पण संहिता आधी तपासून घेण्याची अट मागं राहिली. आता वगात पाटलाची नि फौजदाराची टिंगल हे तर तमाशातलं मीठ. चावट लावणीसाठी आणलेल्या चाळणीत ही टिंगल अडकणार नाही, याची हमी कोण देणार? नाटकवाल्यांचंही तेच. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ते जिंकले, हा भाग वेगळा.

इंटरनेटवर ही चाळणी कशी चालते, ते मुंबईनं २००६ मध्ये पाहिलं. ११ जुलैला लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर केंद्रानं दीड-एक डझन पानं बंद करण्याचा आदेश इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना दिला. कंपन्यांनी पानं शोधण्याची तसदी न घेता ब्लॉगस्पॉट हे अख्खं ठिकाणच बंद केलं. एका भाडेकरूवर राग म्हणून चाळीलाच कुलूप! स्फोटांत सापडलेल्यांच्या नातेवाइकांना माहिती पुरवणारा ब्लॉगही त्याच चाळीत होता. लोकांनी ओरड केली, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले, तेव्हा काही दिवसांनी कुलूप निघालं. पुढं २०१५ च्या जुलैअखेरीस ८५७ संकेतस्थळं अश्लील म्हणून बंद करण्याचा हुकूम निघाला. त्या यादीत निव्वळ विनोदाचं संकेतस्थळही सापडलं. पुन्हा आरडाओरडा झाला आणि चार-पाच दिवसांतच सरकारला हुकूम आवरता घ्यावा लागला.

पण अश्लीलतेचं सोडा. माझी खरी भीती कांद्याची आहे.

हसू नका. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे नियम बदलले. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कुठला मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनंच नेमलेला तथ्य पडताळणी कक्ष ठरवणार. आणि त्यानं बोट ठेवल्यावरही मजकूर ठेवला, तर कंपनीचं कायद्यानं मिळालेलं संरक्षण धोक्यात येणार. त्याच वर्षी ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली. निर्यात हा केंद्राचा विषय. जुन्नर आणि मंचरच्या बाजार समित्यांत भाव कोसळला, की कुणाच्या मुलीचं लग्न पुढं जातं, हे इथं कुणाला सांगायला नको. डिसेंबरअखेरीला शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा निघाला, तोही या बंदीमुळंच.

२०२४ च्या फेब्रुवारीत बंदी उठल्याच्या बातम्या आल्या. दोनच दिवसांत केंद्राचा खुलासा आला, की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे. आता समजा, तो कक्ष तेव्हा कामाला लागलेला आहे आणि आपल्या ओतूरच्या एखाद्या शेतकऱ्यानं फोनवर लिहिलं, ‘३१ मार्च विसरा, त्यानंतरही बंदी उठत नाही.’ सरकारी कागदाप्रमाणं हे धडधडीत खोटं. पुसून टाका! आणि झालं काय? २२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. ती उठली थेट ४ मे रोजी. शेतकरी बरोबर आणि कागद चूक. बराकीत कांदा ठेवावा की विकून मोकळं व्हावं, हे ज्याला त्या आठवड्यात ठरवायचं होतं, त्याच्या लेखी त्या पुसलेल्या ओळीची किंमत किती?

ही वेळ आली नाही, याचं श्रेय न्यायालयांना आणि तिथं गेलेल्या नागरिकांना. विनोदवीर कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. २० मार्चला केंद्रानं कक्ष जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. अखेर २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. एका विनोदवीरामुळं कांदा उत्पादकाचं तोंड मोकळं राहिलं, हा योगायोग नारायणगावकरांना नक्कीच आवडेल.

मग काहीच अडवू नये का? असं मी म्हणत नाही. लहान मुलांच्या शोषणाची चित्रं, दंगल पेटवणारी चिथावणी अडवायलाच हवी. दंगलीच्या चिथावणीसाठी कलम ६९-अ आहे. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये ज्याखाली अटक झाली, ते ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. मात्र ६९-अ राखलं, कारण त्यात लेखी कारणं आणि बाजू मांडण्याची संधी आहे. गोम अशी, की याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांत सगळा व्यवहार गुप्त ठेवण्याचीही तरतूद आहे. ज्याचं लिखाण गेलं, त्याला ते का गेलं हे कळतच नाही, असं वारंवार घडतं. सातबाऱ्यावर फेरफार धरायचा तर तलाठ्याला चावडीवर नोटीस लावावी लागते, हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतात. गुंठाभर जमिनीला जेवढी विचारपूस, तेवढी माणसाच्या शब्दाला नको?

राहता राहिली आपली मुलं. मोबाइलमध्ये पालकांसाठी चाळणीची सोय असते. मुलाच्या वयाप्रमाणं काय दिसावं, किती वेळ दिसावं, ते ठरवता येतं. ती चाळणी घरातली आहे, आपल्या हातातली आहे, नको तेव्हा काढता येते. लावायला फार वेळ लागत नाही. अडचण एवढीच, की ती कशी लावायची हे बहुतेक घरांत त्या मुलालाच विचारावं लागतं.