निपाणीच्या पिनकोडातलं कोडं
बेळगावहून निपाणीला जाताना मोबाइलमधल्या जीपीएसवर जरूर नजर ठेवावी. वाटेत अक्षांशाचा आकडा १५ वरून १६ वर जातो. अशाच आकड्यांवर एक खेळ चालतो. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसची नागरी अचूकता मुद्दाम बिघडवणं थांबवलं आणि त्याच आठवड्यात ओरेगनमध्ये, इतरांनी जीपीएसने शोधावा म्हणून, पहिला डबा लपवला गेला. हेच जिओकॅशिंग. त्यातला सगळ्यांत देखणा प्रकार कोड्याचा. नकाशावरची खूण फसवी, खरी जागा कोड्याच्या उत्तरात. आपल्या पट्ट्यात असं कोडं रचायचं तर निपाणीचा पिनकोड घ्यावा, ५९१२३७. शेवटचे चार अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा: ७३२१ उणे १२३७, म्हणजे ६०८४. पुन्हा तेच. सातव्या खेपेला ६१७४ हाती येतो, आणि सगळे अंक सारखे नसतील तर सातपेक्षा जास्त खेपा कुठल्याच चार अंकी संख्येला लागत नाहीत! हाच आकडा डब्याच्या अक्षांशाच्या शेवटच्या अंकांत बसवायचा. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा हा १९४९ चा शोध. सुडोकूपेक्षा हा खेळ शतपटीने सरस, कारण उत्तर सापडल्यावर चपला घालून बाहेर पडावं लागतं. फक्त डबा बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या दगडांत कुणी खुपसू नये. रस्त्याकडेच्या झाडाची ढोली पुरेशी आहे.